ओळखीवर दिलेलं औषध

१२ जानेवारी

प्रिय मुंगी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे पत्र न उघडताच परत पाठवशील, म्हणून पत्ता तुझ्या दादाकडून लिहून घेतला. त्याने विचारलं, "आत काय लिहिणार आहेस?" मी म्हटलं, "तू पत्ता लिही, बाकीचं मी बघते." लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर माणूस एवढ्यावर गप्प बसतो.

तुझ्या सुनावणीचं नर्सिंग परिषदेचं पत्र मलाही आलं आहे. अठरा मार्च. तुझी नर्सची नोंदणी राहते की जाते, ते त्या दिवशी ठरणार. मला साक्षीला बोलावलंय, "औषध वॉर्डापर्यंत कसे पोहोचते ही पद्धत समजावून सांगण्यासाठी". पद्धत मला सांगता येते. हॉस्पिटलच्या फार्मसीत अठ्ठावीस वर्षं घालवली, त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. त्या पत्राबरोबर तुझ्या अहवालाची प्रत होती. गेल्या मार्चमध्ये तू तो दिलास तेव्हा मी तो वाचला नव्हता. कुणीतरी फक्त एवढं येऊन सांगितलं की त्यात फार्मसीच्या कप्प्यांबद्दल लिहिलंय. तेवढ्यावर मी घरी येऊन तुला जे बोलले ते बोलले. "ज्या घरात जेवतेस त्याच घराची अब्रू चव्हाट्यावर आणलीस" हे माझं वाक्य मला आठवतं. तू बॅग भरलीस, आणि जाताना गॅस बंद आहे का ते बघून गेलीस.

आता अहवाल वाचला. दीड पानाचा आहे. "दुपारी दोनच्या औषधांच्या वेळी नऊ नंबरच्या खाटेवरील रुग्णाला अंगाच्या खाजेसाठी हायड्रॉक्सिझीन द्यायची होती. मी दिलेली गोळी हायड्रॅलझीन होती. ती रक्तदाब उतरवते. तीनच्या सुमारास न्हाणीघराकडे जाताना रुग्ण चक्कर येऊन पडला. उजव्या खुब्याचे हाड मोडले." मग ते वाक्य: "फार्मसीतून आलेल्या पाकिटावरचे अक्षर ओळखीचे होते, म्हणून मी आतली गोळ्यांची पट्टी उलटून वाचली नाही. ओळखीवर औषध दिले, ही माझी चूक."

"पाकिटात चुकीचं औषध आलं होतं" एवढंच लिहिलं असतंस तरी ते खोटं ठरलं नसतं. ते तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, आणि तेही कुणाला दोष न देता: दोन्ही औषधांचे कप्पे शेजारी आहेत, नावं आणि मिलिग्रॅम सारखे आहेत, ते लांब ठेवावेत. बस.

अठ्ठावीस वर्षांत मी असा कागद वाचला नव्हता. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तब्येत सांभाळ. तू आता काम करतेस त्या वृद्धाश्रमात तुला औषधं हाताळू देत नाहीत, असं दादा म्हणाला. मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर तू हसशील. म्हणून लिहीत नाही.

वहिनी


२९ जानेवारी

प्रिय मुंगी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे एकतर तू वाचलंस किंवा पोस्टाने हरवलं. मी पहिलं धरून चालते.

काल तुझे नऊ नंबरवाले शिंपीकाका आले होते. खिडकीच्या फळीला काठी अडकवली आणि औषधाची चिठ्ठी पुढे करायच्या आधी विचारलं, "ती बारकी सिस्टर कुठे गेली?"

"बाहेरगावी असते," मी म्हटलं.

"मी पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून बसली. म्हणाली, काका, तुमचा पाय घसरला नाही. मी चुकीची गोळी दिली. आमच्या घरचे सगळे मलाच बोलत होते हो, या वयात चप्पल धड घालता येत नाही म्हणून!"

"मग तुम्ही रागावलात का?"

"रागावणार नाही तर काय पेढे वाटणार? चार दिवस तोंड फिरवून झोपलो. ही आपली रोज येते, ताप बघते, उशी नीट करते, जाते. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, बाई, तुझी बाही उसवलीय, सुई-दोरा आण." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "चाळीस वर्षं कपडे शिवले. कापड वाकडं कापलं गेलं तर गिऱ्हाइकाला म्हणायचो, सध्या असंच चालतं. आणि ही पोरगी बघा."

मागे रांग खोळंबली होती. ते काठी सोडवता सोडवता म्हणाले, "तुम्ही तिच्या कोण?"

मी म्हटलं, "मी फार्मसीची इन्चार्ज."

हे खरंच आहे. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं, हे मला ते जिना उतरून गेल्यावर जाणवलं.

तू गेल्यावर इथे काय काय बदललं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या अहवालानंतर महिनाभरात वरून हुकूम आला: सारख्या नावांची औषधं वेगवेगळ्या भिंतींना. तेवीस जोड्या निघाल्या. माझे अक्षरवार लावलेले कप्पे तुला माहीत आहेत. डोळ्यांवर रुमाल बांधून कुठलंही औषध तीन मोजायच्या आत काढून दाखवायचे मी, आणि नव्या माणसांना तोंडात बोट घालायला लावायचे. ते सगळं मोडलं. मी दोन दिवस रजा टाकली होती, कारण मला ते बघवत नव्हतं.

आणि चहा बंद झाला. तो चहा वाईट नव्हता गं. कुणाकडून चुकीची गोळी पाकिटात गेली आणि वॉर्डातल्या नर्सने वेळेवर पकडून खाली पाठवली, की ज्याची चूक त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हसायचं, चिडवायचं, विषय संपला. कुणाच्या नावावर डाग नाही. मी रुजू झाले तेव्हाही हीच पद्धत होती, आणि मला ती फार माणुसकीची वाटायची.

आता चहाऐवजी वही आहे. दर चुकीला एक ओळ: काय झालं, कशामुळे. पहिले दोन महिने ती कोरी होती. मग मेट्रनने तुझा अहवाल, नाव झाकून, प्रत्येक वॉर्डात वाचून दाखवला. त्या आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. काल मी मोजल्या, एकशे चार आहेत. मोठमोठ्या डॉक्टरांच्या सह्या आहेत त्यात. वर कुठेच नाव नाही, पण सगळे तिला "मुंगीची वही" म्हणतात. घरचं नाव हॉस्पिटलात कुणी फोडलं, ते मला विचारू नकोस.

वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

आज वहीत मी नोंद केली. एकशे एकोणिसावी. तुला सविस्तर सांगते, कारण वहीत जागा दोनच ओळींची आहे.

सकाळची गर्दी होती. तुझ्याच जुन्या वॉर्डाची पाकिटं भरत होते. एकाला खाजेची गोळी हवी होती. मी पाकिटावर नाव लिहिलं, हात मागे नेला, कप्पा ओढला, चार गोळ्या कापल्या, आत टाकल्या. आता नियम असा, की एकाने भरायचं आणि दुसऱ्याने पट्टी उलटून मोठ्याने वाचायची. माझ्यासमोर चष्मेवाले होते. आठवतात ना, बोलताना चष्मा कपाळावर आणि वाचताना हरवलेला, ते. त्यांनी पट्टी उलटली. चष्मा शोधला. पुन्हा उलटली.

"मॅडम, ही हायड्रॅलझीन आहे."

"शक्य नाही. मी खाजेच्या कप्प्यातून काढली."

"खाजेची आता त्या भिंतीला आहे. इथे दहा महिने दाबाची आहे."

माझा हात जुन्या जागी गेला होता. डोळ्यांना नवी जागा माहीत होती, पण डोळ्यांना विचारतं कोण? ज्या हाताचं मी आयुष्यभर कौतुक करून घेतलं त्याने वाचलंच नव्हतं. कधीच वाचत नव्हता, मुंगे. तो नुसता जाऊन यायचा.

चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम... चहा?"

भला माणूस आहे. मला वाचवायला बघत होता. आणि हाच शब्द मी तुला म्हटला होता.

आता जे लिहिणार आहे ते मागच्या दोन पत्रांत लिहायचं टाळलं. त्या दुपारी साडेतीनला तू खाली आलीस. हातात औषधाचं पाकीट होतं. ते काउंटरवर ठेवून म्हणालीस, "वहिनी, हे बघ. आतल्या पट्टीचा उरलेला तुकडा बघ." पाकिटाच्या कोपऱ्यात भरणाऱ्याची सही असते. ती माझी होती. अक्षर माझं होतं. मी ते पाकीट उचलून एप्रनच्या खिशात घातलं आणि म्हटलं, "आधी बस. चहा सांगते."

तू म्हणालीस, "वहिनी, तो माणूस जमिनीवर पडलाय."

हॉस्पिटलच्या चौकशीत विचारलं, पाकीट कुणी भरलं? मी म्हटलं, पाकीट मिळालेलं नाही, त्या वेळी ड्युटीवर तिघं होतो, सांगता येत नाही. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मी माझ्या हाताने केलेलं सांगायला आले आहे. पुढचं ज्याचं त्याने सांगावं." म्हणजे तू मला जागा ठेवलीस. आणि मी त्या जागेवर अकरा महिने खुर्ची टाकून बसले.

अजून एक आहे. त्या दोन गोळ्यांची अदलाबदल तेव्हा पहिल्यांदा झाली नव्हती. चार वर्षांत नऊ वेळा झाली होती. वेगवेगळ्या लोकांच्या हातून, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. नऊही चहा मी प्यायले होते. सातव्या की आठव्या वेळी तूच पाकीट घेऊन खाली आली होतीस, आणि कप हातात धरून सगळ्यांसमोर म्हणालीस, "वहिनी, त्या दोघी लांब ठेव ना. चहा पिऊन कप्पा हलत नाही." सगळे हसले. मी म्हटलं, "माझी अक्षरवारी मोडायची नाही. तू तुझ्या वॉर्डातल्या उशा सरळ ठेव आधी." अजून जोरात हसले. त्यानंतर दोनदा तू घरी, जेवताना, तेच सांगितलंस. एकदा मी विषय बदलला. एकदा आमटी वाढली.

हे परिषदेच्या समितीला माहीत नाही. त्यांच्यापुढे एका नर्सने गोळी वाचली नाही, एवढंच आहे. माझ्या तोंडून पद्धत ऐकली, की सगळं तुझ्यावर शेकणार, कारण माझी पद्धत ऐकायला फार छान वाटते.

चष्मेवाल्यांना नको म्हटलं आणि नोंद केली. दोन ओळी, एक सही, कुणी पडलेलं नाही, कुणाला इजा नाही, तरी मला दहा मिनिटं लागली. तू दीड पान लिहिलंस, आणि तेही माणूस खाली पडलेला असताना. हे तुला कसं जमलं, ते मला खरोखर विचारायचं आहे.

पाकीट माझ्या कपाटात आहे.

वहिनी


१७ फेब्रुवारी

मुंगी,

दादाला सांगितलं. सकाळी, तो दाढी करत असताना. समोरासमोर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून आरशाला सांगितलं.

तो वळला. अर्ध्या गालाला साबण. "अकरा महिने ते पाकीट या घरात आहे?"

"हो."

"आणि मी तिला फोन करून सांगत होतो, वहिनीची माफी माग म्हणून?"

"हो."

तो तसाच अर्धी दाढी करून खुर्चीत बसून राहिला. मी पोळ्या केल्या, डबा भरला. दारात चपला घालताना म्हणाला, "समितीला आजच लिहून कळव. अठरा तारखेपर्यंत थांबलीस तर तुझा धीर गळेल. ओळखतो मी तुला." मग दोन पायऱ्या उतरून परत वर आला. "पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवू नकोस. हातात नेऊन दे, पोच घे."

रजा टाकून गेले. पोच घेतली. आत्ताच परत आले.

दादाची आजची अर्धी दाढी ऑफिसात सगळ्यांनी पाहिली असणार. त्याचं काय कारण सांगितलं, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

वहिनी


१९ मार्च

प्रिय मुंगी,

निकाल तू स्वतःच ऐकलास. नोंदणी कायम, लेखी समज, एक महिन्याचं प्रशिक्षण. निकाल वाचला जात असताना तू अध्यक्षबाईंकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. तू मोठा श्वास सोडलास, तो मला तिसऱ्या ओळीत ऐकू आला.

पण माझी साक्ष चालू असताना तुला बाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते कळवते.

अध्यक्षबाईंनी पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"रुग्णाच्या नावाखाली औषधाचं नाव बरोबर लिहिलंय, आणि आत चुकीचं. हे कसं?"

"लिहिलं डोक्याने, काढलं हाताने. मी पट्टी वाचली नव्हती."

"यापूर्वी तुम्हाला कुणी सावध केलं होतं?"

"तीनदा. तिनेच." मग नऊ चहांची हकीकत सांगितली. एक सदस्य हसू दाबत होते. पाचव्या चहापाशी त्यांचं हसू गेलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही हे आत्ता का सांगताय? नात्यातली आहे म्हणून?"

मी म्हटलं, "नात्यातली आहे म्हणून तर अकरा महिने सांगितलं नाही. बाहेरची असती तर तिच्याशी रोज जेवायच्या टेबलावर गाठ पडली नसती, आणि तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाच कबूल करता आलं असतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटतं ते लिहून घेण्यासारखं नव्हतं.

मग मधल्या बोळात आपण समोरासमोर आलो. मी काय बोलावं ते घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तू म्हणालीस, "पाणी आहे का?" माझ्या बाटलीतून प्यायलीस, झाकण घट्ट लावलंस, परत दिलीस. यावरून मी कसलाही अंदाज बांधलेला नाही. तहान लागली की माणूस पाणी पितो.

आज सकाळी हॉस्पिटलात गेले. इन्चार्जची किल्ली चष्मेवाल्यांकडे दिली. ते अगदी रडवेले झाले, आणि मग चष्मा सापडेना म्हणून अजून रडवेले झाले. मी खिडकीवर राहीन. पाकिटं भरायची नाहीत, पुढचा निर्णय होईपर्यंत फक्त चिठ्ठ्या घ्यायच्या. रांगेतल्या लोकांना फरक कळला नाही. मला कळला, पण सोसवला.

सोबत मेट्रनचं पत्र आहे. प्रशिक्षण संपलं की तुझ्या जुन्या वॉर्डात रुजू व्हायचं. सही तिची आहे, त्यात माझा काही हात नाही, तेव्हा नि:संकोच घे. घरी कधी येशील हे मी विचारणार नाही. दादा विचारेल, तो त्याचा हक्क आहे.

आता माझं एक काम आहे.

माझ्या चुकीची, आणि पाकीट लपवण्याची, वेगळी सुनावणी लागली आहे. जूनमध्ये. माझी नोंदणी राहते की जाते, ते तेव्हा ठरेल. त्यांनी फॉर्म दिलाय. त्यात एक रकाना आहे: आपल्या कामाची माहिती असलेली एक साक्षीदार व्यक्ती. लोक तिथे मित्राचं नाव देतात, हे मला माहीत आहे. चष्मेवाले म्हणाले, "माझं द्या मॅडम, मी चांगलंच बोलेन." म्हणूनच त्यांचं दिलं नाही.

तुझं दिलंय. न विचारता दिलं, तेवढं माफ कर. माझ्यासाठी काही राखून ठेवू नकोस. नऊ वेळांचं सांग, उशांचं सांग, आमटीचं सांग. एप्रनचा खिसा सांग. आणि त्या सगळ्यात अठ्ठावीस वर्षांत मी एखादी गोष्ट नीट केली असेल, आणि ती तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल, तर तीही सांग. तू सांगितलंस की त्यांना पटेल, आणि मलाही.

तुझी,
वहिनी